हिस्पॅनिक प्रौढांतील आघात, सांस्कृतिक अनुकूलन व चिरकारी वेदना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक वंशपरंपरेच्या लोकांच्या जीवनात स्थलांतर, हिंसा, कष्टाची मजुरी आणि परक्या समाजाशी जुळवून घेण्याची धडपड यांचा शारीरिक वेदनेशी आलेला संबंध, हा वैद्यक, मानवशास्त्र व सामाजिक इतिहास या तिन्ही शास्त्रांच्या सीमेवरील अभ्यासविषय होय. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्‌भवणाऱ्या वेदनेस चिरकारी वेदना म्हणतात. मूळ जखम भरून आल्यावरही अशी वेदना राहू शकते आणि क्ष-किरण चित्रात तिचे कारण दिसेलच असे नसते. त्यामुळे रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे, हाच तिच्या निदानाचा पहिला आधार ठरतो. ज्या समाजाची भाषा वैद्याला समजत नाही आणि ज्याच्या इतिहासाची त्याला माहिती नाही, त्या समाजाच्या बाबतीत हा आधार डळमळीत होतो. प्रस्तुत विषयाचे महत्त्व यातच आहे.

संज्ञा व लोकसंख्या : ‘हिस्पॅनिक’ ही संज्ञा शासकीय गरजेतून रूढ झाली. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदविला गेला होता. मेक्सिकन शासन व स्थानिक मेक्सिकन-अमेरिकन संघटना यांच्या विरोधानंतर १९४० मध्ये ती नोंद वगळण्यात आली. १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची वेगळी आकडेवारी गोळा करण्याविषयीचा कायदा झाला, १९७७ मध्ये त्याबाबतचे प्रशासकीय निर्देश निघाले आणि १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न सर्व कुटुंबांना विचारण्यात आला. ‘लॅटिनो’ ही पर्यायी संज्ञा १९९७ पासून शासकीय लेखनात तिच्या जोडीने येऊ लागली. २०२० च्या जनगणनेनुसार हिस्पॅनिकांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. मेक्सिको, प्वेर्त रीको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, एल् साल्वादोर, ग्वातेमाला इ. प्रदेशांतून आलेले हे लोक वंश, वर्ग व राजकीय अनुभव या बाबतींत परस्परांहून भिन्न आहेत. त्यांच्यापैकी काहींची मातृभाषा स्पॅनिशही नसून माया किंवा मिश्तेक यांसारखी आदिवासी भाषा असते. एका नावाखाली आलेल्या या विविधतेमुळे ‘हिस्पॅनिक वेदना’ अशी एकजिनसी वस्तू कल्पिणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या लोकांपैकी काहींनी सीमा ओलांडली नव्हती, सीमाच त्यांच्यावरून पुढे सरकली होती. २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालूपे ईदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अ. सं. संस्थानांकडे गेला आणि तेथील मेक्सिकन रहिवासी एकाएकी परक्या राज्याचे प्रजाजन बनले. १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धानंतर प्वेर्त रीको हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आले. १९१७ मध्ये बेटावरील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मेक्सिकोतील १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीच्या धामधुमीत अनेक कुटुंबे उत्तरेकडे आली. १९३० नंतरच्या महामंदीत मात्र या मजुरांना परत धाडण्याची मोहीम निघाली आणि त्या लाटेत जन्माने अमेरिकन नागरिक असलेली मुलेही देशाबाहेर गेली. या अन्यायाबद्दल कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा करून क्षमायाचना केली.

दुसऱ्या महायुद्धात शेतमजुरांची टंचाई भासू लागताच धोरण पुन्हा उलटले. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही शासनांमध्ये करार होऊन ब्रासेरो योजना अमलात आली. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून हातांनी काम करणारा तो ब्रासेरो. १९६४ अखेर ती बंद होईपर्यंत सु. ४६ लाख करारपत्रे करण्यात आली. भरतीकेंद्रांवर पुरुषांचे हात घट्टे पाहण्यासाठी तपासले जात आणि सीमेवरील केंद्रांत त्यांच्या अंगावर डीडीटीची फवारणी होई. १९५६ मध्ये टेक्ससमधील ईदाल्गो येथील केंद्रात टिपलेली अशा फवारणीची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. करारात मजुरी, निवास व वैद्यकीय उपचार यांची हमी होती. पण प्रत्यक्षात ती किती पाळली जात नव्हती, हे एर्नेस्तो गालार्सा या अभ्यासकाने १९५६ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून दाखवून दिले. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार येथे मजुरांना नेणारे, बाके ठोकून बसचे रूप दिलेले वाहन आगगाडीखाली सापडून ३२ जण मृत्युमुखी पडले. ही योजना संपुष्टात येण्यास जी कारणे झाली, त्यांत या दुर्घटनेचाही उल्लेख केला जातो.

श्रम आणि शरीर : श्रमपद्धतीतून वेदना कशी निर्माण होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘एल् कोर्तीतो’ हे अवजार. ही सु. ६० सेंमी. वा त्याहून कमी लांबीच्या दांड्याची कुदळी लेट्यूस, बीट इ. पिकांची विरळणी व खुरपणी करण्यासाठी वापरली जाई. ती हाताळताना मजुराला दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे. लांब दांड्याच्या कुदळीने पिकाची नासाडी होते, असे बागाईतदारांचे म्हणणे होते. आखूड कुदळीचा आणखी एक सोयीचा गुण असा, की जो ताठ उभा राहिला तो काम करीत नाही, हे मुकादमाला दुरूनही कळे. मणक्यांमधील चकत्यांची झीज आणि कायमची पाठदुखी हा अनेक वर्षे असे काम केलेल्यांचा सार्वत्रिक अनुभव होता. १९७२ मध्ये ग्रामीण कायदेसाहाय्य संस्थेच्या वकिलांनी या अवजारावर बंदी घालण्यासाठी अर्ज केला आणि डॉक्टरांच्या साक्षी नोंदविल्या. औद्योगिक सुरक्षा विभागाचे म्हणणे असे होते, की सदोष वा मोडकी अवजारेच तेवढी नियमानुसार ‘असुरक्षित’ ठरतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७५ मध्ये हा अर्थ अमान्य केला आणि त्याच वर्षी एल् कोर्तीतोचा वापर बंद झाला. मजुरांची पाठदुखी ही वंशाची वा स्वभावाची बाब नसून अवजाराच्या लांबीची होती, हे या निर्णयाने मान्य झाले.

शेतमजूर चळवळीचा नेता सीझर चावेझ (१९२७–९३) याने स्वतः तरुणपणी या कुदळीने काम केले होते आणि तोही दीर्घकाळ तीव्र पाठदुखीने त्रस्त होता. १९६५ मध्ये डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी सुरू केलेल्या द्राक्षमळ्यांतील संपात त्याची संघटना सामील झाली. म. गांधींच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता व त्यातूनच त्याने १९६८ मध्ये २५ दिवसांचे उपोषण केले. १९३५ च्या राष्ट्रीय कामगारसंबंध कायद्यातून शेतमजूर वगळले गेले होते. कॅलिफोर्नियापुरती ही उणीव १९७५ च्या राज्य कायद्याने भरून निघाली. तथापि वाकून करावयाची सर्व कामे थांबली नाहीत. वॉशिंग्टन राज्यातील स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत त्रिकी आदिवासी मजुरांबरोबर राहून सेथ होम्स या वैद्य-मानवशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात गुडघेदुखी, पाठदुखी व डोकेदुखी यांची अशीच नोंद आढळते. सर्वांत खालच्या थरातील काम सर्वांत दुर्बल गटाकडे जाते आणि वेदनाही त्याच क्रमाने वाटली जाते, असे त्याचे निरीक्षण आहे.

आघाताच्या लोकरूढ संकल्पना : मानसिक आघाताचे शरीरावर होणारे परिणाम व्यक्त करण्यासाठी स्पॅनिश अमेरिकेत जुन्या संज्ञा आहेत. ‘सुस्तो’ म्हणजे दचक वा भीती. अकस्मात धक्का बसल्याने आत्मा शरीर सोडून जातो आणि त्यामुळे अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे, अंग दुखणे व निरुत्साह ही लक्षणे उद्‌भवतात, अशी समजूत असते. आर्थर रूबेल व त्याच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या वाहाका राज्यात केलेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुस्तोग्रस्त व्यक्तींमध्ये शारीरिक रोगांचे प्रमाणही अधिक असल्याचे त्यांना आढळले. एवढेच नव्हे, तर सात वर्षांनंतर केलेल्या पाहणीत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गटापेक्षा जास्त दिसून आले. ज्याला केवळ अंधश्रद्धा समजले जात होते, ते अशा प्रकारे गंभीर अनारोग्याचे सूचक ठरले. ‘नेर्व्हिओस’ ही संज्ञा दीर्घकालीन अस्वस्थतेला, तर ‘आताके दे नेर्व्हिओस’ ही संज्ञा ओरडणे, रडणे, थरथरणे व छातीत उष्मा दाटणे अशा आकस्मिक झटक्याला लावतात. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्करातील डॉक्टरांनी प्वेर्त रीकोच्या सैनिकांतील असे झटके ‘प्वेर्त रीकन लक्षणसमूह’ या नावाने नोंदविले. म्हणजे एका सार्वत्रिक मानवी प्रतिक्रियेला एका लोकसमूहाचे नाव चिकटले. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये या तिन्ही संज्ञा संस्कृतिबद्ध लक्षणसमूहांच्या सूचीत घेतल्या. २०१३ च्या आवृत्तीत त्या सूचीची जागा ‘दुःखाच्या सांस्कृतिक संकल्पना’ या व्यापक कल्पनेने घेतली.

दुखण्यावर प्रथम घरगुती उपचार, मग ‘सोबादोर’ (अंग चोळणारा), ‘उएसेरो’ (हाडवैद्य) वा ‘कुरांदेरो’ (लोकवैद्य) आणि अखेरीस दवाखाना, असा क्रम अनेक कुटुंबांत आढळतो. ‘आग्वांतार’, म्हणजे निमूटपणे सोसणे, हा गुण मानला जातो. सोसण्याच्या या संस्कारामुळे धीर टिकतो. पण उपचाराला उशीरही होतो.

राजकीय हिंसा व निर्वासित : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य अमेरिकेतील यादवी युद्धांनी या प्रश्नाला नवे परिमाण दिले. एल् साल्वादोरमधील युद्धात (१९८०–९२) सु. ७५,००० लोक ठार झाले. ग्वातेमालातील संघर्षात (१९६०–९६) मृत व बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचा व ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी असल्याचा निष्कर्ष सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदविला. या देशांतून पळून आलेल्यांना अमेरिकेत सहजी आश्रय मिळाला नाही. १९८४ मध्ये साल्वादोरी व ग्वातेमाली अर्जदारांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी लोकांचे आश्रयासाठीचे अर्ज मंजूर झाले. चर्चसंघटनांनी दाखल केलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड होऊन या अर्जांचा फेरविचार मान्य करण्यात आला. तोपर्यंत परत पाठविले जाण्याची भीती हाच त्यांच्यापैकी अनेकांचा नित्याचा अनुभव होता.

आघातोत्तर तणाव विकृती हे निदान १९८० मध्ये अधिकृत झाले. त्यात लक्ष एका व्यक्तीवर व बहुधा भूतकाळातील एका घटनेवर केंद्रित होते. सान साल्वादोरच्या विद्यापीठातील जेझुइट सामाजिक मानसशास्त्रज्ञ इग्नास्यो मार्तीन-बारो याने ही कल्पना अपुरी ठरविली. युद्धाने माणसामाणसांतील नातेच विकृत होते. म्हणून आघाताचे मूळ व्यक्तीच्या मनाइतकेच समाजात असते, असे ‘मनोसामाजिक आघात’ या संकल्पनेद्वारा त्याने प्रतिपादिले. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी लष्कराच्या तुकडीने विद्यापीठाच्या आवारात त्याची इतर पाच जेझुइटांसह, तसेच तेथील एक स्त्री व तिची मुलगी यांचीही हत्या केली.

या आघातांचा वेदनेशी असलेला संबंध लॉस अँजेल्समधील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ६३८ लॅटिनो प्रौढांच्या पाहणीतून स्पष्ट झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांच्यापैकी ५४ टक्के लोकांनी मायदेशी राजकीय हिंसेचा अनुभव घेतला होता व ८ टक्के लोकांचा छळ झाला होता. असा अनुभव असलेल्यांत चिरकारी वेदना, खिन्नता व आघातोत्तर तणाव यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. परंतु त्यांच्यापैकी केवळ ३ टक्के लोकांनी अमेरिकेत आल्यानंतर एखाद्या वैद्याजवळ ही गोष्ट काढली होती. डॉक्टरांनी विचारले नाही आणि रुग्णांनी सांगितले नाही. पाठ, डोके व पोट यांच्या तक्रारी मात्र नोंदविल्या गेल्या.

सांस्कृतिक अनुकूलन : भिन्न संस्कृतींचे समूह दीर्घकाळ प्रत्यक्ष संपर्कात आल्यावर त्यांच्या मूळ जीवनसरणीत होणाऱ्या बदलांना सांस्कृतिक अनुकूलन म्हणावे, अशी मांडणी रॉबर्ट रेडफील्ड, राल्फ लिंटन व मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी १९३६ मध्ये केली. क्यूबाचा अभ्यासक फेर्नांदो ओर्तीस याने १९४० मध्ये या संज्ञेला हरकत घेतली. दुर्बल समाज केवळ घेत नाही. तो काही गमावतो व त्यातून काही नवे घडवितो, हे सुचविण्यासाठी त्याने ‘पारसंस्कृतीकरण’ या अर्थाची संज्ञा योजिली. पुढे जॉन बेरी याने एकात्मीकरण, विलीनीकरण, विलगीकरण व सीमांतीकरण असे अनुकूलनाचे चार मार्ग सांगितले. यांपैकी कोणता मार्ग मोकळा आहे हे सर्वस्वी स्थलांतरिताच्या हाती नसते. नैर्ऋत्येकडील अनेक शाळांत मुलांना स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होई. द्वैभाषिक शिक्षणाचा संघीय कायदा १९६८ मध्ये झाला आणि त्याच वर्षी पूर्व लॉस अँजेल्समधील हजारो विद्यार्थी या व अन्य गाऱ्हाण्यांसाठी वर्गांबाहेर पडले. ज्या पिढीला मातृभाषा दडविण्यास शिकविले गेले, तीच आज वृद्धापकाळी दवाखान्यात आपले दुखणे शब्दांत मांडू पाहते.

अनुकूलन वाढले की आरोग्य सुधारते, हा सर्वसामान्य समज खरा ठरला नाही. उत्पन्न व शिक्षण कमी असूनही नैर्ऋत्येकडील हिस्पॅनिकांचे मृत्युमान अपेक्षेपेक्षा अनुकूल असल्याकडे कायरियाकोस मार्कीडिस व जेनिन कोरील यांनी १९८६ मध्ये लक्ष वेधले. यास पुढे ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ असे नाव पडले. चिरकारी वेदनेबाबतही असेच दिसते. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हिस्पॅनिकेतर गोऱ्या प्रौढांपैकी २३.६ टक्के, तर हिस्पॅनिकांपैकी १३ टक्के लोकांनी चिरकारी वेदना असल्याचे सांगितले. स्थलांतरितांचे कमी वय, सुदृढ व्यक्तींनीच स्थलांतर करण्याची प्रवृत्ती, आजारी झाल्यावर मायदेशी परतणे, कुटुंबाचा आधार आणि सोसण्याचा संस्कार अशी अनेक कारणे यासाठी सुचविण्यात आली आहेत. इंग्रजीत मुलाखत देणारे हिस्पॅनिक स्पॅनिशमध्ये देणाऱ्यांपेक्षा अधिक वेदना नोंदवितात, असेही काही पाहण्यांत आढळले आहे. याचा अर्थ अनुकूलनाने वेदना वाढते असा, की वेदना सांगण्याची सवय बदलते असा, याविषयी मतभेद आहेत. शिवाय सरासरीच्या आकड्यात सुखवस्तू व्यावसायिक आणि मळ्यावरील मजूर एकत्र मोजले जातात, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वेदनाविज्ञान व उपचारांतील विषमता : रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण उपपत्तीनुसार शरीराच्या भागांतून येणारे संवेदनासंदेश मेरुरज्जूत कमीअधिक होतात आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही त्यांवर परिणाम होतो. भीती, स्मृती व अपेक्षा यांना वेदनेत स्थान कसे असते, याचा शारीरक्रियात्मक आधार यातून मिळाला. दीर्घकाळच्या तणावात झोप, स्नायूंचा ताण व संप्रेरकांचे संतुलन बिघडते आणि तंत्रिका तंत्र अधिक संवेदनशील बनते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. वेदना व्यक्त करण्याच्या रीतीवर संस्कृतीचा परिणाम होतो, हे मार्क झ्बोरोव्हस्की याने १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील रुग्णांच्या अभ्यासातून मांडले होते. पण त्या अभ्यासात हिस्पॅनिक गट नव्हता. मेरीॲन बेट्स हिने न्यू इंग्लंड व प्वेर्त रीको येथील रुग्णांची तुलना करून १९९६ च्या ग्रंथात ही उणीव भरून काढली. संस्कृती केवळ रुग्णालाच असते असे नाही. वैद्यालाही ती असते, हे तिच्या विवेचनातून स्पष्ट होते.

याचे प्रत्यंतर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आले. लॉस अँजेल्समधील एका तातडीच्या उपचारकेंद्रात हातापायांची लांब हाडे मोडून आलेल्या रुग्णांपैकी ५५ टक्के हिस्पॅनिकांना कोणतेही वेदनाशामक औषध दिले गेले नव्हते. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होते. मोडलेले हाड डोळ्यांना दिसते. तेथेही ही तफावत असेल, तर जी वेदना दिसतच नाही तिची गत काय होत असेल, हे उघड आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील पाहणीनुसार, प्रामुख्याने गोऱ्यांची वस्ती नसलेल्या भागांतील केवळ २५ टक्के औषधदुकानांत तीव्र वेदनेवरील अफूजन्य औषधांचा पुरेसा साठा होता. गोऱ्यांच्या वस्तीत तो ७२ टक्के दुकानांत होता. दुभाष्याच्या अभावी लहान मुलांनी आईवडिलांच्या दुखण्याचे भाषांतर करावे, हा प्रकारही सर्रास होता. संघीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांना भाषासाहाय्य द्यावे, यासाठी २००० मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. तो मार्च २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.

हिस्पॅनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी २००८ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी व सान डिएगो येथे १६,००० हून अधिक प्रौढांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. मूळ देश, भाषा व अमेरिकेतील वास्तव्याचा काळ यांनुसार गटांची वेगवेगळी नोंद हे तिचे वैशिष्ट्य होय. वेदनेवरील उपचारांतही औषधांच्या जोडीला स्पॅनिशमधून समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग व समाजातील आरोग्यसेविकांचे (‘प्रोमोतोरा’) साहाय्य यांचा उपयोग होऊ लागला आहे.

वरील इतिहासावरून असे दिसते, की या समाजातील चिरकारी वेदनेची कारणे केवळ शरीरात वा केवळ स्वभावात शोधता येत नाहीत. कुदळीच्या दांड्याची लांबी, नाकारलेला आश्रय, शाळेत मिळालेली शिक्षा आणि न विचारलेला प्रश्न यांचाही त्यांत वाटा असतो. आखूड कुदळीवर बंदी आणण्यासाठी मजुरांना आपल्या पाठीची साक्ष द्यावी लागली. दवाखान्यात आलेल्या रुग्णाची साक्ष त्याच्याच भाषेत ऐकली जाणे, ही या क्षेत्रातील उपचाराची पहिली पायरी होय.